पुसू नये

१ फेब्रुवारी २००९, रविवार

आजपासून रोजनिशी. कंपनीत आयएसओचे कागद सांभाळणारा माणूस मी. जे लिहून ठेवलं नाही ते झालंच नाही, हे खात्याखात्यांत जाऊन मीच सांगतो. मग स्वतःच्या घरात नोंद नाही, हे बरं दिसत नाही.

आज अंबरनाथला बुवापाड्यात शिवरामकाकांचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. जेवणानंतर सिंथेसायझरचा विषय निघाला. काका आमच्या भीमगीतांच्या पार्टीचे झीलकरी. भागीरथीकाकीने ओळ टाकली की मागून कानावर हात ठेवून 'जी जी रं जी' म्हणायचं, हे त्यांचं काम. पुढे छातीने साथ सोडली, स्टेजवर उभं राहवेना, तेव्हा त्यांनी ती झील एकदाच या मशीनमध्ये भरून ठेवली. जुनं जपानी मशीन, बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून आलेलं. माइकसमोर म्हटलेला आवाज पट्ट्यांवर येतो, पाहिजे त्या सुरात वाजवा. फक्त बंद केलं की सगळं विसरतं, चालू करताना फ्लॉपीवरून आवाज पुन्हा भरावा लागतो. काका गेले तरी काकी गाते तेव्हा मागे झील काकांचीच असते. त्यांचा मुलगा आकाश ती बोटाने वाजवतो.

आता फ्लॉपीचा ड्राइव्ह म्हातारा झालाय. दहा वेळा घातली तर एकदा वाचतो. आकाश म्हणाला, आई, हे डबडं जयंतीला भर स्टेजवर झोपणार, नवीन कीबोर्ड घेऊया ना. काकी म्हणाली, नव्यात तो हाय का?

अशा वेळी कोणालातरी पुढाकार घ्यावा लागतो. मी म्हटलं, ड्राइव्ह काढून यूएसबी बसवतो, चौदा एप्रिलच्या आधी मशीन तयार. आकाश म्हणाला, दादा, तू कागदवाला माणूस. मी म्हटलं, प्रोसेस कळली की मशीन कळतं. काकीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यामुळे आता विषय संपला.

८ फेब्रुवारी

मशीन रिक्षाने आणलं. रिक्षावाल्याने विचारलं, पेटी आहे का? मी सविस्तर समजावलं. बेलवली फाटकापासून घरापर्यंत तो एक शब्द बोलला नाही, म्हणजे समजलं असावं.

डायनिंग टेबलावर ठेवलंय. टेबल पूर्ण भरलं. मायाला सांगितलं, फक्त आठवडाभर. माया म्हणाली, जमिनीवर बसून जेवायला तिची हरकत नाही, पण आठवड्यात किती वार असतात ते आत्ताच ठरवा. बायकोने प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच असा सूर लावू नये.

१५ फेब्रुवारी

आज उघडणार होतो. दुपारी लोडशेडिंग. संध्याकाळी उघडलं. आत फार सुंदर दिसतं. पुन्हा बंद केलं. पहिल्या टप्प्यात निरीक्षण महत्त्वाचं.

काकीचा फोन. विचारलं, काय म्हणतोय तुझा काका? मला आधी कळेना. मग कळलं, मशीनबद्दल विचारतेय. म्हटलं, मजेत आहेत. ती म्हणाली, त्याला म्हणावं, जयंतीला यायचंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उल्हासनगर, कॅम्प चार. ड्रेसवर फुलं काढणारी एम्ब्रॉयडरीची कॉम्प्युटर मशिनं तिथे गल्लोगल्ली. त्यांची डिझाइनंही फ्लॉपीवरच असायची, आता सगळे ड्राइव्ह काढून त्या जागी यूएसबीचा खोका बसवतात. हे मी स्वतः शोधून काढलं. (कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कोणीतरी बोललं होतं, पण दुवा जोडणारा मी.)

हासोभाई नावाचा मेकॅनिक भेटला. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हातात दालपकवान. म्हटलं, सिंथेसायझरला बसेल का? त्याने विचारलं, वो कितनी सुई का आता है? मी म्हटलं, सुई नाही, आवाज. तो म्हणाला, साईं, टेन्शन मत लो, जिसमें से गुलाब निकलता है उसमें से गाना भी निकलेगा. आत्मविश्वासाचा माणूस. आमची वेव्हलेंग्थ जुळली.

१ मार्च

खोका बसवला. मशीन म्हणतं, डिस्क एरर.

मशीनची चूक नाही, खोक्याची आहे. हा जास्त क्षमतेच्या फ्लॉपीसाठी आहे, मशीनला कमी क्षमतेचा पाहिजे. हे मला आधीच वाटत होतं, पण खात्री करून घेण्यासाठी बसवून पाहिला.

जेवताना आमटीचं ताट टेबलाखालच्या वायरला लागलं. मायाला शांतपणे सांगितलं की ही तिची एनसी आहे, म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्स, कंपनीत असं घडलं की कारण लिहून द्यावं लागतं. तिने तोंडीच दिलं. इथे लिहीत नाही.

८ मार्च

हासोभाईकडून कमी क्षमतेचा खोका आणला. बसला. डिस्प्लेवर हिरवे आकडे आले, मशीनने कुरकुर न करता मान्य केलं. आमच्या हेंद्रेपाड्यात असं काम आजवर कोणी केलं नसेल. माया आणि प्रीतीला हॉलमध्ये बोलावून आकडे दाखवले. प्रीतीने विचारलं, यातून गाणं कधी येणार? पोरगी अकरावी कॉमर्सला आहे, तिला निकाल लगेच लागतो.

जुना ड्राइव्ह हासोभाईकडेच ठेवून आलो. तो म्हणाला, भंगार में डालूँ? म्हटलं, खुशाल टाक. मागचे दोर कापले की माणूस पुढेच जातो.

आता फक्त काकांची झील फ्लॉपीवरून यूएसबीवर न्यायची. एका चहाचं काम.

१५ मार्च, सकाळी

प्रीतीच्या कॉम्प्युटरला फ्लॉपीची फट आहे. काकांची फ्लॉपी काढली. लेबलवर त्यांच्या अक्षरात निळ्या पेनाने लिहिलंय: झील. पुसू नये. काकांना ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसायची, पण हे शुद्ध लिहिलंय. धूळ होती. तरी वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायला नको म्हणून फडकं लावलं नाही. नुसती फुंकर मारली.

कॉम्प्युटरने इंग्रजीत विचारलं, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करू का? मन भरून आलं. खात्याखात्यांतून मी बोंबलत फिरतो, रिपोर्ट फॉरमॅटमध्ये द्या, रजेचा अर्ज फॉरमॅटमध्ये द्या, आणि कोणी ऐकत नाही. इथे एक यंत्र आपणहून विचारतंय. काकांना बिचाऱ्यांना फॉरमॅट कुठून माहीत असणार, त्यांनी झील तशीच सैल भरली असेल. यस दाबलं. पुढे एक लांबलचक इशारा आला. असे इशारे फॉर्मच्या तळाला मीच टाकत असतो, ते वाचायचे नसतात. ओके.

किरकिर करत व्यवस्थित झालं. हिरवी पट्टी भरत गेली. समाधान वाटलं.

१५ मार्च, संध्याकाळी

फ्लॉपी उघडली तर आत काही दिसत नाही. बरोबरच आहे. आवाज दिसणार कसा?

जे दिसत नाही ते सगळं यूएसबीवर कॉपी केलं.

२२ मार्च

मशीनवर झील येत नाही. पट्टी दाबली की काहीच नाही. खोका नवीन आहे, त्याला आवाजाची ओळख नसावी.

प्रीतीने विचारलं, बाबा, त्या फ्लॉपीचं तुम्ही नक्की काय केलं? सांगितलं. ती म्हणाली, बाबा, फॉरमॅट मारला? मी म्हटलं, मारला नाही, केला. ती म्हणाली, सगळं उडतं त्याने. मी म्हटलं, तुमच्या कॉलेजात उडत असेल. आमच्या कंपनीत फॉरमॅटने सगळं जागेवर येतं.

प्रीती उठून किचनमध्ये गेली. मग आत भांड्यांचा आवाज थांबला.

२३ मार्च

हाफ डे टाकून हासोभाईकडे गेलो. त्याने भट्टी विझल्यासारखं तोंड केलं. म्हणाला, साईं, मेरे भतीजे ने एक बार फॉरमॅट मारा था. गुलाब भी गया, मोर भी गया, शादी का सीझन भी गया. मी विचारलं, परत आलं का? तो म्हणाला, मोर दुबारा बनाया. बनता है. पर चोंच टेढ़ी हो गई.

आमचा मोर कुठे बनवायचा? असं विचारणार होतो. जुन्या ड्राइव्हबद्दल विचारलं. तो सकाळीच भंगारात गेला होता. म्हणजे माझं 'खुशाल टाक' तेवढं त्याने लक्षात ठेवलं.

२९ मार्च

उपाय आहेत. घाबरायचं कारण नाही.

काकांचा आवाज आणखी कुठेतरी असणारच. जुन्या जयंतीची एक सीडी मिळाली. काका मागे उभे आहेत, कानावर हात, तोंड उघडतं, मिटतं. पण शूटिंगवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत बासरीचं म्युझिक टाकलंय. मी सीडी तीनदा बघितली. माया म्हणाली, आता बंद करा ती. तिने नेहमीसारखं म्हटलं नाही, हळू म्हटलं. त्याचा मला जास्त त्रास झाला.

१ एप्रिल

काकीचा फोन. आज कंपनीत एप्रिल फूल झाल्यामुळे आधीच मूड नव्हता. काकी म्हणाली, लेका, फोनवर नुसतं एकदा वाजव की, ऐकते. मी म्हटलं, काकी, लाइट नाही. माझ्या डोक्यावर पंखा गरगरत होता. बाजूला टीव्हीवर निवडणुकीच्या बातम्या. ती म्हणाली, बरं, झोपू दे त्याला.

खरं सांगून टाकावं, असं ठरवलं. उद्या.

२ एप्रिल

आज कामाचं प्रेशर होतं. सांगायला निवांतपणा हवा.

४ एप्रिल

आकाशचा फोन, घेतला नाही. पुन्हा आला, मायाने घेतला आणि मी बाथरूममध्ये आहे असं सांगितलं. खोटं नको म्हणून मी जाऊन बाथरूममध्ये उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो. तिथे उभं राहून बरं वाटतं. कोणी काही विचारत नाही.

तिथेच सुचलं. सहज म्हणून बघितलं, जी जी रं जी. छान घुमलं. मी काकांचा सख्खा पुतण्या. आजोबा एक, नाक एक, गळाही एकच असणार. मशीनला माइकची जागा आहे. हासोभाई मोर पुन्हा बनवतो, तर मी का नाही?

ही फसवणूक नाही. कंपनीत मूळ कागद खराब झाला की त्यावरून नवीन प्रत काढतो, शिक्का मारतो, कोणी हरकत घेत नाही.

५ एप्रिल, रविवार

रेकॉर्डिंग. माइकची वायर बाथरूमपर्यंत पोचत नाही म्हणून टेबलापाशीच. बऱ्याच प्रयत्नांनंतर एक उत्तम आली. काका शेवटी थोडे खाकरायचे, मशीनमधल्या झीलमध्येही ते खाकरणं आलं होतं. ते अनावश्यक म्हणून वगळलं. ही सुधारित आवृत्ती समजावी.

यूएसबीवर नीट सेव्ह झाली. मशीन बंद करून चालू केलं, आली. हळू आवाजात ऐकली, कारण प्रीती आत अभ्यास करत होती. रेकॉर्डिंगच्या मधेच एकदा माया किचनमधून म्हणाली होती, झालं का, मी इथे डाळ लावलीय, नंतर बोलू नका की आवाज झाला. मी म्हटलं, तुझ्या डाळीचा आणि माझ्या कामाचा काय संबंध?

१३ एप्रिल

मशीन मुद्दाम आजच पोचवलं, म्हणजे तालमीला वेळ राहत नाही. आकाशला सांगितलं, स्टेजवरच लाव, सारखं ऑन-ऑफ नको. काकी मशीनवरून पदराने हात फिरवत होती. म्हणाली, घरी आला. मला चहा दिला. एका घोटात प्यायलो. उठलो तर म्हणाली, बस की जरा, तुला काय घाई. बसलो. मशीन, काकी आणि मी. भिंतीवर काकांचा फोटो. फार गरम होत होतं.

१५ एप्रिल, सकाळी

रजा टाकलीय. कारण वैयक्तिक.

काल बुवापाड्याच्या चौकात कार्यक्रम. आचारसंहितेमुळे दहाला बंद करायचं म्हणून वेळेवर सुरू झाला. पूर्ण चौक भरला होता, निळ्या पताका, पोरं पत्र्यांवर चढलेली. काकी पांढऱ्या साडीत. मी स्टेजच्या बाजूला जनरेटरजवळ उभा होतो. तिथून निघायला वाट नव्हती, मागे गटार, पुढे गर्दी.

काकीने पहिली ओळ टाकली. आकाशने पट्टी दाबली. मोठ्या स्पीकरमधून माझी जी जी रं जी आली, आणि तिच्या पाठोपाठ कुकरची शिट्टी.

आकाशने घाबरून वरची पट्टी दाबली. झील वर गेली, शिट्टीही वर गेली. खालची दाबली तर शिट्टी कंपनीच्या भोंग्यासारखी खाली आली. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, अरे गॅस बंद करा. चौकात हशा झाला. माया आणि प्रीती पुढच्या रांगेत होत्या. माया हसत नव्हती. तिला आपला कुकर ओळखू आला होता.

काकी हसली नाही. ती माइक धरून नुसती उभी होती. मला वाटलं, ओळ विसरली. मग कळलं. काका खाकरायचे, त्या खाकरण्यावर ती श्वास घ्यायची आणि पुढची ओळ उचलायची. ती त्याची वाट बघत होती.

तिने माइकवर हात ठेवला आणि मला जवळ बोलावलं. विचारलं, हा तू हायेस ना? मी हो म्हटलं. तिने विचारलं, तो कुठाय? मी म्हटलं, काकी, तो फॉरमॅट झाला. तिने आकाशकडे बघितलं. म्हणाली, म्हणजे रे काय? आकाश खाली बघून म्हणाला, पुसला, आई.

काकी म्हणाली, त्यानं लिवलं व्हतं ना वर.

मला रडू आलं, चौकात, हॅलोजनखाली. काकीने मला ओरडावं असं फार वाटत होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, मशीन बंद कर आकाश. आणि तू उभा राहा मागं. लोक बसलेत.

उभा राहिलो. कानावर हात ठेवला. तिने ओळ टाकली, मी झील दिली. सूर कुठे लागला माहीत नाही. शेवटी मला खोकला आला, आवरला नाही. काकीने त्याच क्षणी श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली. मागे वळून बघितलं नाही.

दहापर्यंत उभा होतो.

१९ एप्रिल

घसा बसलाय. परिस्थिती आटोक्यात आहे. मशीन तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झालं, हे कोणीतरी लक्षात घ्यायला हवं.

काकीने आकाशकरवी निरोप पाठवलाय. जांभूळला एक कार्यक्रम, वांगणीला एक, मग बुद्धपौर्णिमेला मोठा. मी यायचंय. मी म्हटलं, मला कंपनी आहे. आकाश म्हणाला, आई म्हणते, काकालापण कंपनी व्हती.

२६ एप्रिल

जांभूळचा कार्यक्रम झाला. सूर दोनदा सुटला. काकी म्हणते, गार पाणी पिऊ नको, केळं खाऊ नको, कंपनीत ओरडू नको. म्हटलं, हे कधीपर्यंत? ती म्हणाली, तुझ्या काकाने कधी इचारलं नाय.

आकाशने नवीन कीबोर्ड घेतला. जुनं मशीन मला बक्षीस म्हणून परत पाठवलं. डायनिंग टेबलावर आहे. आम्ही जमिनीवर जेवतो. माया काही बोलत नाही, फक्त डाळ लावण्याआधी रोज विचारते, रेकॉर्डिंग नाही ना?

आज काकीकडे फ्लॉपी परत द्यायला गेलो होतो. तिने मागितली होती. दारातच सांगितलं, काकी, रिकामी आहे ती, आत काही राहिलं नाही. ती म्हणाली, ठावं हाय मला. अक्षर तर त्याचंच हाय ना. आणि काकांच्या फोटोपुढे उभी करून ठेवली, लेबल समोर येईल अशी.

लेबलचा एक कोपरा सुटलाय. ते लॅमिनेट करून द्यावं, असं मनात आलं.

बोललो नाही.